‘आतला’ म्हणून सोडला: आयएलओ ४ चं प्रकरण

ब्राउझर कुठल्याही वेब सर्व्हरला विनंती पाठवतो तेव्हा तिच्यासोबत माहितीच्या काही ओळी जातात. त्यांना हेडर म्हणतात. त्यातल्या एका हेडरचं नाव ‘कनेक्शन’. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: ‘कीप-अलाइव्ह’, म्हणजे जोडणी चालू ठेव, नाहीतर ‘क्लोज’, म्हणजे काम झालं की तोड. इंग्रजीत लिहिला तर पहिला शब्द मधली आडवी रेघ धरून दहा अक्षरांचा, दुसरा पाच. या ओळीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. २०१७ साली तीन संशोधकांनी तिथे त्या शब्दाऐवजी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर सलग एकोणतीस वेळा लिहिलं आणि ती विनंती एचपीई या कंपनीच्या सर्व्हरमधल्या आयएलओ ४ कडे, म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या छोट्या संगणकाकडे, पाठवली. आयएलओने नाव विचारलं नाही की पासवर्ड विचारला नाही. वापरकर्त्यांची यादी समोर ठेवली. पुढच्या विनंतीत ‘हा नवा वापरकर्ता घाल, त्याला सगळे अधिकार दे’ असं सांगितलं, तेही त्याने केलं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये ‘एकोणतीस ए’ म्हटलं की बहुतेकांना संदर्भ लागतो. पण पुढच्या चार वर्षांत या फटीतून काय काय घडलं ते सलग सांगितलेलं मी फारसं पाहिलेलं नाही, आणि मला ते सलगच सांगायचंय. कारण त्या चार वर्षांत दर वळणावर एकच चूक झालेली दिसते. अमुक गोष्ट आतून आली आहे असं कोणीतरी धरून चाललं, आणि आतली म्हणून तिला हटकलं नाही. वेब सर्व्हरने विनंतीला हटकलं नाही, नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी आयएलओला हटकलं नाही, आणि शेवटी आयएलओने स्वतःबद्दल जे सांगितलं त्यालाही कोणी हटकलं नाही.

सर्व्हरमधला दुसरा संगणक

सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरपासून वेगळा असा एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याला बीएमसी म्हणतात, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. एचपीईच्या सर्व्हरमध्ये त्याचं नाव आयएलओ, डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण), स्वतःचं नेटवर्क पोर्ट आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते. आयएलओ ४ मध्ये एआरएम प्रोसेसर आहे आणि त्यावर ग्रीन हिल्स या कंपनीची ‘इंटेग्रिटी’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. सर्व्हरवर विंडोज असो की लिनक्स, या छोट्या संगणकाला त्याचं काही देणंघेणं नसतं. सर्व्हर शटडाउन केला तरी तो पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर जागाच असतो. त्याला बंद करायचं तर मागची पॉवर केबल काढावी लागते.

त्याच्यावाचून काम चालत नाही, हेही तितकंच खरं. मध्यरात्री एखादा सर्व्हर अडकला, नेटवर्कवरून उत्तर देईनासा झाला, तर डेटा सेंटरपर्यंत धावत जाण्याऐवजी घरूनच बीएमसीच्या पानावर जायचं. तिथे सर्व्हरचा पडदा दिसतो, कीबोर्ड चालतो, वीज बंद-चालू करता येते, आणि आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ फाइल सर्व्हरला सीडी म्हणून जोडून नवी ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा टाकता येते. मी या सोयीवर कित्येक रात्री निभावून नेल्या आहेत. पण याच यादीवर दुसऱ्या बाजूने नजर टाका. बीएमसीचा पासवर्ड मिळणं म्हणजे सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसणं, आणि बीएमसीवरच्या त्या लॉगिनची नोंद ऑपरेटिंग सिस्टीमच्या एकाही लॉगमध्ये होत नाही.

हा धोका कोणाला आधी कळला नव्हता असं नाही. बीएमसीशी बोलायची प्रमाण पद्धत, आयपीएमआय, इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणली, तिची २.० ही आवृत्ती २००४ ची. २०१३ मध्ये डॅन फार्मर यांनी तिच्यातल्या दोषांवर सविस्तर लिहिलं. त्यातला एक दोष मला आजही अस्वस्थ करतो. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन करताना, आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याआधीच बीएमसी त्या खात्याच्या पासवर्डपासून बनवलेला हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, समोरच्याला पाठवतो. समोरचा तो घेऊन आपल्या मशीनवर निवांतपणे एकेक संभाव्य पासवर्ड त्याच्याशी जुळवत बसू शकतो. हे त्या प्रमाण पद्धतीतच असं लिहिलेलं आहे, त्यामुळे एखाद्या कंपनीने पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढून ते मिटत नाही. शिवाय ही पद्धत चालवायची तर बीएमसीला मूळ पासवर्ड परत वाचता येईल अशा रूपात ठेवावा लागतो. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना थेट इंटरनेटवर उघडी असलेली एक लाखाहून जास्त आयपीएमआय यंत्रं सापडली. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही तेव्हा इशारा काढला होता.

म्हणजे आयएलओ ४ ची फट सापडली तेव्हा या विषयावरच्या इशाऱ्यांना चार वर्षं झाली होती.

सोळा बाइटांची जागा

आता ती फट जवळून बघू. आयएलओ ४ चा वेब सर्व्हर आलेली विनंती ओळीओळीने वाचतो. ‘कनेक्शन’ची ओळ आली की पुढचा शब्द उचलून मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी ठेवतो. ही जागा सोळा बाइटांची, म्हणजे सोळा अक्षरांची. ‘कीप-अलाइव्ह’ला दहा पुरतात, शब्द संपल्याची खूण म्हणून लागणाऱ्या शून्यासाठी एक, तरी पाच उरतात. कोड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हेच दोन शब्द असणार. शब्द उचलायला सी भाषेतलं ‘एसस्कॅनएफ’ हे फंक्शन वापरलं होतं, आणि त्याला जास्तीत जास्त किती अक्षरं घ्यायची हे सांगितलेलं नव्हतं. मोकळी जागा येईपर्यंत ते अक्षरं उचलत राहतं. एकोणतीस आली तर एकोणतीस उचलतं आणि सोळाव्यानंतरची शेजारच्या जागेवर सांडतात.

शेजारी काय होतं? त्याच जोडणीबद्दलच्या बाकीच्या नोंदी. त्यात एक नोंद होती ‘ही जोडणी स्थानिक आहे का?’ अशी. शून्य असेल तर नाही, शून्याखेरीज काहीही असेल तर हो. संगणकात इंग्रजी मोठ्या ‘ए’ची किंमत ६५. सांडलेल्या ‘ए’मुळे या नोंदीतलं शून्य गेलं आणि बाहेरून, नेटवर्कवरून आलेली विनंती आयएलओच्या लेखी आतली ठरली.

स्थानिक जोडणी म्हणजे सर्व्हरच्या मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमकडून, मदरबोर्डवरच्या आतल्या रस्त्याने आलेली विनंती. सर्व्हरवर चालणारी व्यवस्थापनाची साधनं आयएलओशी याच रस्त्याने बोलतात. तिथे पासवर्ड विचारला जात नाही. ज्याच्याकडे सर्व्हरवर प्रशासकाचे अधिकार आहेत त्याच्यावर आयएलओने विश्वास ठेवायचा, असा त्यामागचा हिशेब.

सोळा बाइटांची चूक कोणाच्याही हातून होऊ शकते असं मी म्हणेन. सी मध्ये लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती कधी ना कधी केलेली असते. मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. ‘हा आतला आहे’ एवढं ठरलं की पुढे एकही दार बंद नव्हतं. यादी वाचायला वेगळा अधिकार, नवा प्रशासक घालायला वेगळा अधिकार, अशी कुठलीच पायरी शिल्लक राहत नव्हती. एका हो-नाहीच्या नोंदीवर सगळ्या घराची किल्ली टांगलेली होती, आणि ती नोंद परक्याने पाठवलेल्या मजकुराच्या शेजारच्या जागेत ठेवली होती.

फट शोधणारे तिघे म्हणजे फाबियाँ पेरिगो, अलेक्सांद्र गाझे आणि जॉफ्रे झार्नी. त्यांनी ती आधी कंपनीला कळवली. आवृत्ती २.५३ मध्ये दुरुस्ती आली, ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीची जाहीर सूचना निघाली आणि फटीला सीव्हीई या फटींच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०१७-१२५४२ हा क्रमांक मिळाला. तपशील त्यांनी २०१८ मध्ये परिषदांत मांडले. फेब्रुवारीत ब्रसेल्सच्या रीकॉन परिषदेत जे दाखवलं ते लॉगिन चुकवण्याच्या बरंच पुढचं होतं. आयएलओच्या आत शिरल्यावर तिथून सर्व्हरच्या मुख्य मेमरीत थेट वाचता-लिहिता येतं, म्हणजे बीएमसीतून चालत्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात उतरता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. आणि आयएलओच्या फ्लॅशमध्ये स्वतःचा कोड मिसळलेलं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला त्याचा मूळ प्रोग्रॅम, बसवता येतं हेही. आयएलओ ४ अपडेट घेताना फर्मवेअरवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो, पण एकदा ते फ्लॅशमध्ये बसलं की चालू होताना त्याची सही हार्डवेअरकडून तपासली जात नाही. आत कसंही करून पोचलात की मुक्काम कायमचा.

पॅच निघाला, तरी

दुरुस्ती ऑगस्ट २०१७ मध्ये सगळ्यांसाठी उपलब्ध होती. आयएलओचं फर्मवेअर बदलायला सर्व्हर रीस्टार्टही करावा लागत नाही. आयएलओ तेवढा काही मिनिटं गायब होतो आणि परत येतो, वर चालणाऱ्या कामाला धक्का लागत नाही. तरीही कित्येक सर्व्हर जुन्याच आवृत्तीवर राहिले. का, ते मला आतून माहीत आहे, कारण मीही असे सर्व्हर तसेच ठेवलेले आहेत. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पॅचचं वेळापत्रक असतं, त्याचा अहवाल मागणारा वरिष्ठ असतो. बीएमसीचं फर्मवेअर मात्र सर्व्हर रॅकमध्ये बसवताना एकदा पाहिलं जातं. तो हार्डवेअरचा भाग समजला जातो, आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा नियम हार्डवेअरला सगळ्यात आधी लागतो. फर्मवेअर अर्ध्यात अडकलं तर बोर्ड निकामी होईल ही भीती असते ती वेगळीच. आणि विचारलं तर उत्तर तयार असतं: अहो, ते आतल्या नेटवर्कवर आहे.

या ‘आतल्या नेटवर्क’बद्दल एक अनुभव सांगतो. कंपनी कोणती, सर्व्हर कोणाचा, याला इथे महत्त्व नाही. एका जागी सगळ्या सर्व्हरची यादी करायचं काम होतं. एका सर्व्हरच्या मागे बीएमसीच्या स्वतंत्र पोर्टमध्ये केबलच नव्हती. पोर्टवर कारखान्यातून आलेलं रबरी बूच तसंच होतं. सोबतचा सहकारी म्हणाला, “याचं मॅनेजमेंट वापरातच नाही, पुढे चला.” मी सवयीने स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबली जिथे जुळतात त्या पेटीवर, जाऊन त्या सर्व्हरच्या नेहमीच्या पोर्टवर कोणते मॅक पत्ते (प्रत्येक नेटवर्क पोर्टची स्वतःची ओळख) दिसतात ते पाहिलं. दोन दिसले. एक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये दिसत होता तोच. दुसरा सर्व्हरवरच्या एकाही कार्डाचा नव्हता, पण पहिल्या पाच जोड्या अगदी तशाच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. डीएचसीपीच्या, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, नोंदीत शोधलं तर त्याला पत्ता मिळालेला होता, आणि तोही सगळ्या कर्मचाऱ्यांचे संगणक ज्या नेटवर्कवर होते त्यातला. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला. लॉगिनचं पान उघडलं. कारखान्याचा मूळ पासवर्ड चालला.

झालं होतं असं, की बऱ्याच बोर्डांवर बीएमसी आपल्या स्वतंत्र पोर्टमध्ये केबल सापडली नाही तर आपणहून मुख्य नेटवर्क पोर्ट वाटून घेतो. तशी सोय मुद्दाम केलेली असते आणि काही बोर्डांवर ती सुरुवातीपासून चालूच असते. म्हणजे केबल न लावणं ही खबरदारी ठरतच नव्हती. उलट त्यामुळेच तो बीएमसी सगळ्यांसमोर आला होता. मी बराच वेळ त्या बुचाकडे बघत राहिलो. ते बूच पाहून ‘पुढे चला’ म्हणणं इतकं साहजिक होतं.

तेव्हापासून ‘आमचा बीएमसी आत आहे’ असं कोणी म्हणालं की मी स्विचवरच्या मॅक पत्त्यांची यादी मागतो. केबल डोळ्यांनी पाहून मी विश्वास ठेवत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये इंटरनेटवर उघड्या असलेल्या आयएलओ ४ वर खंडणीचे हल्ले झाल्याचं समोर आलं. आयएलओच्या लॉगिन पानावर संस्थेने आपली सूचना लिहायची एक जागा असते, ‘अधिकृत व्यक्तींसाठीच’ वगैरे. हल्लेखोरांनी तिथे आपला मजकूर टाकला होता: तुमची हार्ड डिस्क कूटबद्ध केली आहे, सोडवायची तर दोन बिटकॉइन द्या. दूरून सीडी जोडायची जी सोय आपण वापरतो तीच त्यांनी वापरली. त्याच वर्षाच्या शेवटी ‘जंगलसेक’ नावाच्या खंडणीवाल्यांनी आयपीएमआयमधून लिनक्स सर्व्हरमध्ये शिरून, मशीन रीस्टार्ट करून, दुरुस्तीसाठीच्या सिंगल-यूझर मोडमध्ये रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवल्याची उदाहरणं आली. यात चमत्कार काही नाही. सर्व्हरसमोर बसलेला माणूस जे करू शकतो तेवढंच त्यांनी केलं.

साक्षीदारच फितूर

या प्रकरणाचा सगळ्यात गंभीर भाग डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आला. इराणमधल्या अमनपर्दाज या सुरक्षा कंपनीने एचपीईच्या सर्व्हरमध्ये, आयएलओच्या फर्मवेअरच्या आत राहणारं एक रूटकिट, म्हणजे लपून राहून यंत्र ताब्यात ठेवणारा प्रोग्रॅम, सापडल्याचं जाहीर केलं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘आयएलओब्लीड’. प्रत्यक्षात वापरात असलेलं, बीएमसीच्या फर्मवेअरमध्ये मुक्काम ठोकून बसलेलं असं काही उघडपणे तपशीलवार मांडलं गेल्याचं हे पहिलं उदाहरण म्हणता येईल. २०१८ मध्ये संशोधकांनी परिषदेत जे शक्य आहे म्हणून दाखवलं होतं, ते कोणीतरी शस्त्र म्हणून बनवून वापरत होतं.

त्याचं काम काय, तर सर्व्हरच्या डिस्क पुसणं. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. आता त्या सर्व्हरच्या प्रशासकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एका सकाळी डिस्क कोरी. आपण हल्ला झाला असं समजून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकतो, पासवर्ड बदलतो, बॅकअपमधून डेटा आणतो. काही काळाने डिस्क पुन्हा कोरी. आपण फायरवॉल तपासतो, व्हायरस स्कॅनर चालवतो, आपल्याच माणसांवर संशय घेतो. डिस्क बदलली तरी काही फरक नाही, कारण पुसणारा डिस्कवर राहतच नाही. तो तिच्या खाली, आपण कधी न तपासलेल्या फ्लॅशमध्ये बसलेला आहे.

समजा, कोणाच्या मनात आलं की आयएलओचं फर्मवेअर जुनं आहे, ते तरी अद्ययावत करू. नवी फाइल चढवली. प्रगतीची पट्टी पुढे सरकली. अपडेट झालं असा निरोप आला, आवृत्तीचा आकडाही नवा दिसू लागला. आणि प्रत्यक्षात काहीच बदललं नव्हतं. रूटकिट अपडेट होऊच देत नव्हतं, फक्त झाल्याचं नाटक करत होतं. पॅच लावून झाला याचा पुरावा म्हणून आपण जे पान बघतो, ते पान काढणारा प्रोग्रॅमच हल्लेखोराच्या हातात होता.

पकडायला एक खूण मात्र राहून गेली होती. एचपीईने मधल्या आवृत्त्यांत आयएलओच्या लॉगिन पानाचं रूप बदललं होतं. रूटकिटने आवृत्तीचा आकडा नवा दाखवला, पण त्याच्याखाली पान राहिलं ते जुन्याच रूपाचं. खरोखर अपडेट झालेल्या सर्व्हरचं पान शेजारी ठेवून पाहणाऱ्याच्या हे लक्षात येईल. एकट्या पानाकडे, तेही आकडा तेवढा बघून खूण करायच्या घाईत पाहणाऱ्याच्या येणार नाही. मी स्वतः अपडेटनंतर आकडा बघून पुढे जाणाऱ्यांपैकी होतो. हा अहवाल वाचल्यावर पहिल्यांदा जाणवलं की ज्याला तपासायचं त्यालाच विचारून मी तपासणी पुरी करत होतो.

अहवालात आणखी एक मुद्दा आहे, आणि मला तो रूटकिटइतकाच महत्त्वाचा वाटतो. आयएलओमध्ये शिरायला एकोणतीस ‘ए’ हा एकच रस्ता नाही. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ज्याने प्रशासकाचे अधिकार मिळवले, तो त्याच आतल्या, पासवर्ड न विचारणाऱ्या रस्त्याने आयएलओचं फर्मवेअर बदलू शकतो. दुरुस्त केलेली आवृत्ती असेल तर तो जुनी, सदोष आवृत्ती परत बसवू शकतो, कारण जुन्या आवृत्तीवरही कंपनीची खरी सही असतेच. आयएलओ ४ मध्ये ही माघार रोखता येत नाही. पुढच्या पिढीत, म्हणजे जेन १० सर्व्हरमधल्या आयएलओ ५ मध्ये, चालू होताना फर्मवेअर तपासण्याची मुळं थेट चिपमध्ये नेली आणि जुन्या आवृत्तीकडे परत न जाऊ देण्याची सोयही दिली. पण ती सोय आपण स्वतः चालू करावी लागते. म्हणून ‘आमच्याकडे पॅच लावलाय’ हे वाक्य आयएलओ ४ च्या बाबतीत फक्त त्या दिवसापुरतं खरं असतं.

मग साफ कसं करायचं

संशय आला तर आयएलओच्या पानावरून काहीही ठरवू नये, हे तर उघडच आहे. फ्लॅशमधलं फर्मवेअर जसंच्या तसं बाहेर काढून कंपनीच्या मूळ फाइलशी ताडून पाहणं हा खरा उपाय. आयएलओ ४ साठी तशी साधनं संशोधकांनी मोकळी करून ठेवली आहेत आणि अमनपर्दाजनेही एक दिलं. हे काम वेळखाऊ आहे, जोखमीचं आहे, आणि लहान संस्थेत ते करणारा माणूस मिळणं कठीण. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आयएलओ ४ असलेला सर्व्हर कधी उघड्या इंटरनेटवर होता असं कळलं आणि त्यावर महत्त्वाचा डेटा असेल, तर त्या बोर्डवर विश्वास टाकू नये. पैसे लागतात हे मलाही कळतं. पण डिस्क दुसऱ्यांदा कोरी झाली की त्याहून जास्त लागतात.

जुने सर्व्हर हाताबदल होताना हा प्रश्न आणखी टोकदार होतो. विकणारा डिस्क पुसून देतो, बीएमसीकडे कोणी बघत नाही. भाड्याच्या सर्व्हरचंही तेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक्लिप्सियम या कंपनीने आयबीएमच्या क्लाउडवर एक अख्खा सर्व्हर भाड्याने घेतला, त्याच्या बीएमसी फर्मवेअरमध्ये निरुपद्रवी असा एक बारीकसा बदल केला, एक जादा खातं घातलं, सर्व्हर परत केला आणि नंतर तोच पुन्हा मिळवला. खातं काढलेलं होतं, फर्मवेअरमधला बदल मात्र जागच्या जागी होता. त्यानंतर आयबीएमने सर्व्हर पुढच्या ग्राहकाला देण्याआधी बीएमसीचं फर्मवेअर नव्याने चढवायचं ठरवलं. जुना सर्व्हर विकत घेणाऱ्याने हेच स्वतः करावं, नेटवर्कची केबल लावायच्या आधी.

बाकीची काळजी कोणाला नवी नाही. बीएमसी वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागावर, ठेवायचे, तिथे फक्त एका ठरलेल्या मधल्या मशीनवरून पोचता यावं, आयपीएमआयचं ६२३ हे यूडीपी पोर्ट लागत नसेल तर बंद, मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. एकच पासवर्ड सगळ्या सर्व्हरवर ठेवू नये हे मी वेगळं सांगतो, कारण बीएमसीतून पासवर्ड वाचता येतो आणि एक सर्व्हर गेला की मग सगळा रॅक जातो. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीआयएसए (सायबर सुरक्षा) आणि एनएसए (राष्ट्रीय सुरक्षा) या सरकारी संस्थांनी मिळून बीएमसी बळकट करण्याच्या सूचना काढल्या, आणि त्याच महिन्यात सीआयएसएने तिथल्या संघीय कार्यालयांना हुकूम दिला की अशी व्यवस्थापनाची पानं इंटरनेटवर उघडी सापडली तर चौदा दिवसांत ती आत घ्या किंवा त्यांच्यापुढे कडक प्रवेशतपासणी उभी करा.

वेगळ्या व्हीलॅनबद्दल एक गोष्ट मी ठासून सांगेन. त्या व्हीलॅनमध्ये बीएमसींना एकमेकांशीही बोलता येता कामा नये. त्यांना तशी गरजच नसते. हे कडेकोट नेटवर्क बऱ्याच ठिकाणी आतून मात्र सगळं मोकळं असतं, आणि एक बीएमसी फुटला की शेजारचे चाळीस त्याच्यासमोर उघडे पडतात.

तीच नोंद, आठ वर्षांनी

मार्च २०२५ मध्ये एक्लिप्सियमने एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधली एक फट जाहीर केली, सीव्हीई-२०२४-५४०८५. धोक्याच्या मापावर तिला दहापैकी दहा गुण मिळाले. मी तपशील वाचायला घेतला आणि दुसऱ्याच परिच्छेदाला थांबलो. मेगारॅकमध्येही मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एक आतला रस्ता आहे. त्या रस्त्याने आलेल्या विनंतीला पासवर्ड लागत नाही. विनंती त्या रस्त्याने आली की बाहेरून, हे ठरवायला फर्मवेअर एका हेडरमधला पत्ता वाचतं, आणि तो हेडर बाहेरच्या माणसालाही हवा तसा लिहून पाठवता येत होता. इथे तर काही सांडावंही लागत नाही. याच फर्मवेअरमध्ये हेडरमधूनच लॉगिन चुकवण्याची आणखी एक फट २०२३ मध्ये सापडून दुरुस्त झालेली होती.

मेगारॅक एका कंपनीच्या सर्व्हरपुरतं नाही. एएमआय ते बोर्ड बनवणाऱ्यांना पुरवते आणि प्रत्येक जण आपापलं नाव लावून वापरतो. त्यामुळे ११ मार्चला एएमआयने दुरुस्ती दिली तरी ती सर्व्हरपर्यंत थेट पोचत नव्हती. बोर्ड बनवणाऱ्या प्रत्येकाने ती आपल्या फर्मवेअरमध्ये घालायची, तपासायची, आपली नवी आवृत्ती काढायची, आणि मग ज्याच्या रॅकमध्ये तो बोर्ड आहे त्याने ती लावायची. आपल्या सर्व्हरमध्ये मेगारॅक आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं, कारण लॉगिन पानावर नाव असतं ते सर्व्हर विकणाऱ्याचं.

२५ जून २०२५ रोजी सीआयएसएने ही फट प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असलेल्या फटींच्या यादीत घातली. बीएमसीतली फट त्या यादीत येण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेतल्या संघीय कार्यालयांना दुरुस्तीसाठी १६ जुलैपर्यंत मुदत होती. मी त्या आठवड्यात माझ्याकडच्या प्रत्येक सर्व्हरच्या बोर्डचं मॉडेल लिहून काढलं, ज्यांचं नाव पानावरून कळेना त्यांची झाकणं उघडून बोर्डवर छापलेलं वाचलं, आणि स्विचवरचे मॅक पत्ते पुन्हा एकदा त्या यादीशी लावून पाहिले. या खेपेलाही एक जास्तीचा निघाला.